अक्रोडाचं लाकूड वाळेपर्यंत

६ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे जात नाही आणि मला या वेळी सविस्तर उत्तर हवंय.

परवा संध्याकाळी इथे वादळ झालं. घराला काही झालं नाही, मलाही नाही, आईंना हे आधी सांगा. पण मागच्या अंगणातल्या अक्रोडाची पश्चिमेकडची फांदी मोडली. आठवतेय ना? आमच्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा इथे आलात, तेव्हा चहा गार होईपर्यंत तिच्याखाली मान वर करून उभे होतात. टिल्लूला म्हणालात, “ही कधी पडली तर मला कळव. यात एक चांगलं धनुष्य आहे.” तो म्हणाला, “बाबा, ती पडेपर्यंत आपण दोघंही म्हातारे होऊ.”

त्याला जाऊन जूनमध्ये तीन वर्षं होतील. कळवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून कळवतेय.

फांदी सालीच्या एका पट्ट्यावर लोंबत होती, खाली न्हाणीघराचे पत्रे. नगरपालिकेकडून झाडं छाटणारे एक गृहस्थ आले. उंच, हडकुळे, पन्नाशीच्या अलीकडचे. दोर बांधून त्यांनी ती अशी उतरवली की एक पत्राही वाजला नाही. गल्लीत सगळे त्यांना खारोबा म्हणतात. झाडावर चढताना बघितलं की कारण विचारावं लागत नाही. शनिवारी ते सगळा पाला आणि लाकूड गाडीतून नेणार आहेत. मुख्य फांदी सरळ आहे, आठ फुटांपर्यंत फाटा नाही, जाडी माझ्या मांडीएवढी.

ठेवून घेऊ का? आणि ठेवली तर तिचं करायचं काय? मी दातांच्या कवळ्या बनवणारी बाई. मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही.

तुमची सून


९ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

फोनवर ‘ठेव’ म्हणालो आहेच. बाकीचं इथे लिहितो.

पहिली गोष्ट, दोन्ही टोकांना तेलरंगाचे तीन जाड हात दे. कुठलाही रंग चालेल, घरात दाराचा उरला असेल तो लाव. लाकूड टोकाकडून पाणी सोडतं, आणि टोक घाईने वाळलं की चिरतं. एकदा चीर पडली की ती आत किती गेलीय हे देवालाही सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, झाडावर असताना आकाशाकडे असलेली बाजू कुठली, ते त्या खारोबांना विचारून आत्ताच खडूने लिही. आडवी वाढलेली फांदी जन्मभर स्वतःचं वजन वरच्या बाजूने ओढून धरते. त्या बाजूला ताण सोसायची सवय असते. धनुष्याची पाठ, म्हणजे नेमाकडे तोंड करते ती बाजू, आपण तिथून घ्यायची.

तिसरी, फांदी करवतीने उभी चिरू नकोस. पाचरांनी फोड. करवत धरणाऱ्याला हवं तिकडे जाते, पाचर लाकडाच्या रेषेने जाते. लोखंडाच्या तीन पाचरा आणि घण लागेल. एकटीने करू नको.

मी स्वतः आलो असतो, पण दोन तिरंदाजी क्लबांची धनुष्यांची कामं अंगावर आहेत. तू फांदी तयार कर, वाळव, मग बघू. घाई नाही. निदान सहा महिने लागतील.

आई म्हणते, वादळात खिडक्या लावल्या होत्यास का.

बाबा


२१ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. खिडक्या लावल्या होत्या, एक सोडून. आईंना फक्त पहिला अर्धा भाग सांगा.

टोकं रंगवली. घरात निळा रंग होता, त्यामुळे फांदी आता मोजे घातल्यासारखी दिसते. खडूने ‘आकाश’ असं लिहून ठेवलं. खारोबांना शनिवारी लाकूड नेऊ नका म्हटलं, तर त्यांनी आधी कारण विचारलं, मग रविवारी स्वतःच पाचरा आणि घण घेऊन हजर झाले. म्हणाले, मी हजारभर फांद्या तोडल्या असतील, पण त्यांतल्या एकीचंही पुढे काय झालं ते बघितलेलं नाही.

पहिली पाचर टोकाला मारली, तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या घावाला आतून तडतड आवाज आला, आमच्याकडे साच्यातून कवळी सुटताना येतो तसा, फक्त खूप मोठा. मग ते पाचर ठोकत पुढे आणि मी मागची पाचर धरत मागे, असं करत दीड तासात फांदी दोन भागांत उघडली. आत कडेला पांढरं आणि मध्ये तपकिरी, जवळजवळ जांभळट. आणि इतकं ओलं, की हात लावला तर पाणी लागलं. झाड आत इतकं भिजलेलं असतं हे मला माहीत नव्हतं.

‘आकाश’वाला अर्धा भाग चांगला निघालाय. एकच बारीक गाठ आहे, टोकापासून वीतभर. खालच्या भागात चार गाठी आहेत, त्यामुळे तो नको असं आम्ही ठरवलं. बरोबर ना?

सालीचा रस लागून माझी बोटं काळी पडली आहेत. तीन दिवस घासतेय, निघत नाहीत. दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरीणबाई लॅबमध्ये माझे हात बघून म्हणाल्या, या हातांनी दात बनवता? हातमोजे घालून करते, म्हटलं.

क्लबांची कामं कशी चालली आहेत?

तुमची सून


२७ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

भाग बरोबर निवडलास. आता साल काढ. सध्या झाडात रस चढतो, त्यामुळे नशीब असेल तर केळ्यासारखी सुटेल. नाही सुटली तर बोथट सुरीने खरवड, धारदार हत्यार लावू नको. सालीखाली जो पहिला थर लागेल, तीच धनुष्याची पाठ. तिला ओरखडासुद्धा नको. धनुष्य वाकतं तेव्हा सगळा ताण त्या एका थरावर येतो, तो कुठे कापला गेला तर तिथूनच मोडतं.

मग पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने, लाकूड कमी कर. लांबी तुझ्या उंचीएवढी ठेव आणि वर चार बोटं. मधे मुठीला जाड, दोन्हीकडे अंगठ्याएवढी जाडी. बारीक करायच्या मोहात पडू नको. एवढं झालं की सरळ फळीला जुन्या साडीच्या चिंध्यांनी घट्ट बांध, नाहीतर वाळताना मुरडेल. उन्हात नको, चुलीजवळ नको. कोठीची खोली चांगली.

आणि दर रविवारी तोल. लाकूड वाळलंय की नाही ते डोळ्यांना कळत नाही, वजनाला कळतं. उतरत जाईल, उतरत जाईल, मग एके दिवशी थांबेल. सलग तीन रविवार एकच आकडा आला की मला कळव.

क्लबांची कामं चालू आहेत.

बाबा


२९ मार्च

सूनबाई,

हे मी बाजारात जाताना स्वतः टाकतेय, त्यांना माहीत नाही. कसली क्लबांची कामं. टिल्लू गेला त्या आठवड्यात त्यांनी शेडला कुलूप लावलं ते आजतागायत उघडलेलं नाही. कोणी धनुष्य मागायला आलं तर सांगतात, हात दुखतो. हात ठणठणीत आहे, माझ्यासमोर रोज वर्तमानपत्राचं कोडं सोडवतात.

तुझं पत्र आलं की मात्र दोनदा वाचतात. ती फांदी कशी फुटली तो भाग मला मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा तू लिहीत राहा. जे कळत नाही ते विचार. जे कळतं तेही विचार.

हा कागद फाडून टाक. खिडकी कुठली उघडी होती?

आई


२० एप्रिल

ती. बाबा,

नमस्कार. साल केळ्यासारखी नाही, पण जुन्या भिंतीच्या रंगासारखी पापुद्र्या-पापुद्र्याने निघाली. बोथट सुरी म्हणून मी लॅबमधलं मेण खरवडायचं हत्यार वापरलं. फार छान चाललं. दोन संध्याकाळी लागल्या. खालचा थर गुळगुळीत आणि गार लागतो, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा.

पोटाकडचं लाकूड खारोबांनी वाकसाने तासून काढलं, मी मागे उभी राहून ‘बास’ म्हणायचं काम केलं. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, घासलेलं परत चिकटवता येत नाही. त्यामुळे मी ‘बास’ जरा लवकरच म्हणते. ते ऐकतात.

वजन: पहिल्या रविवारी दोन किलो तीनशे दहा ग्रॅम. मग दोन एकशे तीस. काल एक नऊशे ऐंशी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते राहत नाही, म्हणून आधी पातेलं उपडं ठेवायचं, त्यावर लाकूड आडवं, आणि मग एकाने श्वास रोखून आकडा वाचायचा.

मागच्या आठवड्यात एका टोकाला केसाएवढी चीर दिसली आणि माझा धीर सुटला. ते म्हणाले, टोक चार बोटं जास्तच ठेवलंय, घाबरू नका, त्यात सरस भरा आणि परत रंग लावा. तसं केलं. पुढे गेलेली नाही. (खाडाखोडीबद्दल माफ करा, पेन बरोबर चालत नाहीये.)

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या शेडमध्ये दाराच्या डाव्या हाताला ते करड्या रंगाचं जुनं धनुष्य टांगलेलं असतं, तुम्ही लग्नाआधी केलेलं. त्याची रुंदी आणि जाडी मला हवीय. मुठीपाशी, आणि मग दर वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना. आठवणीतून लिहू नका, माप लावून पाठवा. आमच्याकडे अंदाजाने कवळी केली तर माणूस उपाशी राहतो.

तुमची सून


४ मे

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

आता खरं लिहितो. क्लबांची कामं नव्हती. शेड बंद होती. तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी आठवणीतून मापं लिहून बघितली. तीन वेळा लिहिली, तीन वेळा वेगळी आली. मग किल्ली मागितली. आईने ती पदरातूनच काढून दिली, शोधायला गेलीसुद्धा नाही. तिने तुला काही लिहिलं होतं का? विचारलं तर म्हणते, मला लिहायला वेळ कुठे असतो.

कुलूप गंजलं होतं, तेल घालून अर्धा तास खटपट केली. आत गांधीलमाश्यांनी लाकूड पकडायच्या शिकंज्यात पोळं केलंय. ते रिकामं होतं. करड्या धनुष्यावर धूळ होती, बाकी ते जसंच्या तसं आहे. बाकावर टिल्लूचा चहाचा पेला होता. शेवटचा आला होता तेव्हा ठेवून गेलेला. तळाशी काळा थर वाळलेला. मी तो तसाच ठेवून मापं घेत बसलो. मापं झाली. दार लावून घेतलं. मग परत आत गेलो आणि पेला नळाखाली धुतला. थर निघायला वेळ लागला.

त्यानंतर रोज जातोय. विशेष काही करत नाही. हत्यारांना धार लावतो.

चिरीचं खारोबांनी बरोबर सांगितलं. माणसाला लाकूड कळतं.

बाबा


२८ जून

चि. सूनबाईस,

सोळा तारखेला तुझा फोन येईल असं वाटलं होतं. त्या दिवशी आई दुपारपर्यंत फोनपाशी बसली होती. मीही फार लांब नव्हतो. मापं पाठवली तेव्हापासून तुझं पत्रही नाही.

लाकूड चिरलं असेल तर तसं लिही. लाकूड चिरतं. माझ्या हातून आजवर मोडलेल्या धनुष्यांचं सरपण केलं असतं तर दोन हिवाळे निघाले असते. कोणी रागावणार नाही. गप्प बसू नको एवढंच.

बाबा


१६ जुलै

ती. बाबा, ती. आई,

हे पत्र दोघांना आहे.

लाकडाला काही झालेलं नाही. गेले तीन रविवार वजन एक किलो चारशे साठ आहे. वाळलं. फळीवरून सोडलं तेव्हा एका बाजूला अगदी थोडं कललं, बाकी सरळ आहे. तेव्हा लाकूड ठीक आहे. झालंय ते मला.

मार्चपासून खारोबा दर रविवारी येत होते. आधी पाचरा घेऊन, मग वाकस घेऊन, मग नुसतं वजन बघायला. वजन बघायला दोन मिनिटं लागतात. ते दोन तास बसायचे. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा हेही लक्षात आलं, की मीसुद्धा शनिवारीच पातेलं घासून काट्याशेजारी ठेवते.

त्यांचं लग्न झालेलं नाही. त्यांची आई अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं करण्यात वर्षं गेली. मागच्या वर्षी ती गेली. बोलतात कमी, ऐकतात जास्त.

सोळा जूनला मी तुम्हाला फोन करायला बसले होते. तेवढ्यात ते आले. रविवार नव्हता. मी दारातच म्हटलं, आज नको, आज त्याचा दिवस आहे. ते म्हणाले, “म्हणूनच आलो. एकटीने काढू नका हा दिवस.” पायरीवर बसले, आणि म्हणाले, “मी त्याला बघितलेलं नाही. कसा होता ते सांगा.” बाबा, तीन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. लोक विषय बदलतात. मी सांगायला लागले ते थांबेचना. तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरायचा इथपासून, सहा फुटांचा झाल्यावरही तुम्ही त्याला टिल्लूच म्हणायचात इथपर्यंत. शेवटी दवाखान्यात त्याने मला काय सांगितलं तेही. ते मी तुम्हालासुद्धा सांगितलेलं नाही. भेटल्यावर सांगेन.

सगळं ऐकून ते गेले. आणि मग मला तुम्हाला फोन करवेना. त्याच्या दिवशी मी दुसऱ्या कोणाजवळ हलकी झाले, हे आवाजावरून तुम्हाला कळेल असं वाटलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, तुम्हा दोघांना कळवल्याशिवाय उत्तर देणार नाही. मी मोठी बाई आहे, कोणाची परवानगी लागत नाही, असं ठणकावून लिहायला आवडलं असतं मला. पण माझे आईवडील मी शाळेत असतानाच गेले. तुमच्या घरात आले तेव्हा कितीतरी वर्षांनी ‘आई’ अशी हाक मारली, आणि आतून ‘काय गं’ असं उत्तर आलं. ते उत्तर यायचं थांबेल का, एवढीच भीती आहे. बाकी कशाची नाही.

तुमची


१० ऑगस्ट

ती. बाबा,

साडेतीन आठवडे झाले. समजले मी.

लाकूड तुमचं आहे. टिल्लूने तुम्हाला कबूल केलेलं. येत्या सोमवारी ते कापडात गुंडाळून पार्सलने पाठवतेय. पाठीला जपून बांधलंय. तुम्ही त्याचं धनुष्य करावं अशी फार इच्छा आहे, पण तुमच्या मनात येईल तसं करा.

आईंना सांभाळा.


१३ ऑगस्ट

चि. सूनबाईस खूप खूप आशीर्वाद.

पार्सल करू नको. फोनवर आत्ताच सांगितलं, तू ‘बरं’ म्हणून ठेवून दिलास. मी फोनवर असाच वाटत असेन तर तुम्ही सगळ्यांनी कसं सहन केलं कोण जाणे.

उशीर माझ्यामुळे झाला, आणि माझ्यामुळे नाहीही. पत्र दोघांना होतं, तेव्हा उत्तर दोघांचं जायला हवं होतं. एकट्याने लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, आईचं काय. म्हणून थांबलो. तुझ्याकडे या थांबण्याचा काय अर्थ होईल हे मला सुचलं नाही. चुकलं माझं.

माझ्यापुरतं सांगतो. मला एप्रिलपासून माहीत होतं. त्या पत्रात तू चिरीबद्दल ‘तो म्हणाला’ असं लिहिलंस, ते गिरवून गिरवून खोडलंस आणि वर ‘ते म्हणाले’ लिहिलंस. पेनला बिचाऱ्याला दोष दिलास. मी तो कागद उजेडात धरून बघितला. त्या दिवशी थोडा वेळ शेडच्या बाहेर बसलो. वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण पुढचं पत्र येईना तेव्हा समजलं, की तुला घुसमटताना बघणं मला जास्त जड जातंय.

आईचं असं झालं. तिने तुझं पत्र वाचलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं. स्वयंपाक केला, वाढलं, पण दहा दिवस बोलली नाही. माझ्याशी नाही, कामाला येणाऱ्या बाईशी नाही. अकराव्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, “आता ती मला काय म्हणेल?”

म्हटलं, “आई म्हणेल. दुसरं काय म्हणेल.”

“आणि तो माणूस टिल्लूचं नाव घेऊ देतो का तिला?”

मी उठलो, उशीखालचं पत्र काढलं आणि सोळा जूनचा भाग मोठ्याने वाचला. तिने ऐकलं. म्हणाली, परत वाचा. परत वाचला. जिन्याच्या पायऱ्यांपाशी हसली आणि मग रडली. गेल्या तीन वर्षांत माझ्यासमोर रडलेली पहिल्यांदा बघितली.

तरी उत्तर लिहायला आणखी दोन आठवडे घेतले तिने. खाली तिनेच लिहिलंय. सहा वेळा फाडून सातव्यांदा.

बाबा

सूनबाई, ये. लाकूड घेऊन ये. त्यालाही आण. मी त्याच्याशी काय बोलेन ते माझं मलाच माहीत नाही, तेव्हा काही बोलले नाही तर वाईट वाटून घेऊ नको. माझी खालची कवळी टोचतेय, येताना तुझी हत्यारं आण. काय गं म्हणायला मी अजून जिवंत आहे. — आई


२४ सप्टेंबर

ती. बाबा,

नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कचेरीत सही करून, साधंच.

तुमच्याकडचे ते चार दिवस अजून डोक्यात चालू आहेत. धनुष्य वाकवून भिंतीपाशी धरायचं, कुठे कडक आहे ते बघायचं, तिथे चार वेळा खरवडायचं, परत वाकवायचं. तुम्ही डोळे मिटून बोट फिरवायचात आणि म्हणायचात, इथे. दर वेळी तिथेच असायचं. शेवटी खालच्या बाजूला माझा हात जड पडला त्याची मात्र अजून टोचणी आहे. ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागेल असं व्हायचं ते बावीसवर आलं. तुम्ही म्हणालात, हलकंही कोणाला तरी लागतं. ते माझी समजूत घालायला म्हणालात हे मला कळतं. इतकं वाळवून, इतकं जपून, शेवटी मीच जास्त घासलं.

दवाखान्यातलं टिल्लूचं बोलणं तुम्हाला शेडमध्ये सांगितलं ते बरं झालं. आईंना मी त्यांची कवळी घासताना सांगितलं. त्यांच्या तोंडात दात नव्हते, म्हणून त्या मध्ये बोलू शकल्या नाहीत. पण माझा हात धरून होत्या.

एकच मनाला लागलंय. चार दिवसांत त्या याच्याशी दोन वाक्यं बोलल्या. “मीठ हवं का?” आणि “दार ओढून घ्या.” निघताना हा पाया पडायला वाकला तर त्या आत गेल्या. तो म्हणतो, “त्यांना वेळ हवाय, मला घाई नाही.” मीही स्वतःला तेच सांगतेय.

तुमची सून


८ ऑक्टोबर

चि. सूनबाईस आणि त्यालाही आशीर्वाद.

तुम्ही गेल्यावर घडलं ते क्रमाने लिहितो.

पाचव्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये होतो. आई दारात येऊन उभी राहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती शेडमध्ये फक्त ‘जेवायला चला’ म्हणायला आलेली आहे. म्हणाली, “ते सुनेचं कुठेय? कसं धरतात दाखवा.” मी दाखवलं. अंगणात गवताचा भारा लावला. दहा बाण सोडले तिने. दोन भाऱ्यात गेले, एक पाण्याच्या पिंपात, बाकीचे शेजाऱ्यांच्या वाफ्यात, ते मी कुंपणावरून हात घालून काढले. मी म्हटलं, “चाळीस पौंडांचं असतं तर तुला ओढताही आलं नसतं.” म्हणाली, “म्हणून तर तिने बरोबर घासलंय.” तेव्हा तुझी टोचणी आता सोड. रोज सकाळी तिचे दहा बाण ठरलेले आहेत. परवा भाऱ्यात सहा गेले. शेजारीण बघत होती, तर हिने मुद्दाम पदर खोचून परत एक मारला.

दुसरी गोष्ट. रविवारी दुपारी वर काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघतो, तर टिल्लूची खोली उघडी. खिडक्या सताड. पुस्तकं एका बाजूला रचून ठेवलेली, गादी उन्हात टाकलेली. आणि ही एकटी त्याची खाट भिंतीकडे सरकवतेय. मला हाक मारली नव्हती. मी दुसरं टोक धरलं. खाट भिंतीला लागली तशी उरलेल्या जागेत उभी राहिली, हाताने लांबी-रुंदी दाखवली आणि म्हणाली, “इथे दुसरी खाट बसेल. बाहेरच्या बाकावर त्या माणसाचे पाय हातभर बाहेर येत होते. चार रात्री बघत होते मी. पांघरूणही पुरत नव्हतं.”

तीच पुढे म्हणाली, “विकतच्या आखूड असतात. तुम्ही करा.”

तेव्हा त्याची उंची मोजून कळव, जोडे काढून. लाकूड आणून ठेवलंय. खाटेच्या पायांची मापं उतरवली आहेत, उद्या सकाळी कापायला घेतो.

बाबा